शनिवारचं इंजेक्शन

"मला बोका नकोय, माणूस हवाय," शिवणबाई दारातूनच म्हणाल्या. "कोण ते तुम्ही शोधून द्या. पुढचं मी बघते. माझ्या घरात अकरा कात्र्या आहेत."

टाचणीबाईंनी समोरची खुर्ची दाखवली. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे. अंगानं बारीक, बोलणं टोकदार, आणि एकदा टोचली की रक्त काढल्याशिवाय बाहेर न निघणारी, म्हणून गावभर टाचणीबाई. खासगी तपासाचा धंदा करणाऱ्या बाईला याहून चांगलं नाव आईबापांनासुद्धा सुचलं नसतं.

कोपऱ्यात त्यांचे भाऊजी वर्तमानपत्र घेऊन बसले होते. थोरल्या बहिणीचे यजमान, निवृत्त दंतवैद्य. चाळीस वर्षं लोकांची तोंडं उघडी ठेवली, पण स्वतःचं बंद ठेवायला शिकले नाहीत.

"बोका म्हणजे? मांजर?" भाऊजी म्हणाले. "बाई, इथे खून, पळवापळवी असल्या गोष्टी येतात."

"खूनच आहे," शिवणबाई म्हणाल्या. "परवा शनिवारी सकाळी दहा वाजता. डॉक्टर घरी येऊन इंजेक्शन देणार आहेत. शब्द मीच दिलाय."

त्यांनी हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत ताजे ओरखडे होते.

त्या पडदे आणि नाटकवाल्यांचे पोशाख शिवायच्या. नवरा गेलेला. घरात चार मांजरं, चारही शस्त्रक्रिया झालेली. कात्री, बटण आणि रीळ या तिघी, आणि अकरा वर्षांचा बोका मास्तर. मास्तरला त्यांच्या लेकीनं गटारातून उचलून आणलं होतं. दोन महिन्यांनी लेक आजारानं गेली. बोका राहिला.

"नाव तिनंच ठेवलं," शिवणबाई म्हणाल्या. "एवढंसं पिल्लू, पण सगळ्यांकडे पेपर तपासल्यासारखं बघायचं. तिचं माझ्याकडे आता तेवढंच उरलंय हो."

नऊ वर्षं चारही मांजरं एका गोधडीवर झोपत होती. दोन महिन्यांपूर्वी सगळं बिनसलं. तिघी मिळून मास्तरला फाडून काढायला लागल्या. आणि मास्तर मातीच्या ट्रेमध्ये जायचा सोडून धाकट्या जाऊबाईंच्या गादीवर मुतायला लागला. एकदा नाही, दहा वेळा. शेवटी दीर म्हणाला, बोका तरी राहील नाहीतर आम्ही तरी.

"म्हातारपण," भाऊजी म्हणाले. "लघवीवर ताबा राहत नाही. माणसाचंही तेच."

"मलाही तसंच वाटलं, म्हणून तर शब्द दिला. पण आज सकाळी पुन्हा मारामारी झाली, सोडवायला गेले तर हे असं. रक्त धुता धुता माझी मापांची वही समोर होती. त्यात मी मारामाऱ्यांच्या दिवशी फुली मारते. बघा." त्यांनी वही टेबलावर आपटली. "सगळ्या फुल्या सोमवारी आणि गुरुवारी. बाई, मांजराला वार कळतो का?"

टाचणीबाई पहिल्यांदा हसल्या. हसल्या की त्या जास्तच भीतिदायक दिसत.

"सोमवारी आणि गुरुवारी तुम्ही काय करता?"

"दहा ते बारा नाटक कंपनीत मापं घ्यायला जाते. परत येते तो घरात रणधुमाळी."

"तुमचा संशय कुणावर?"

"संशय कसला, खात्री आहे! जाऊबाई. तिनं माझ्या मांजरांना पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहिलंय. तुम्ही फक्त सिद्ध करा. तिला मी या घरातून चिंध्यांसकट बाहेर काढते."

"चला," टाचणीबाई उठल्या. "भाऊजी, रुमाल घ्या. तुम्हाला मांजरानं शिंका येतात."

घर दोन मजली होतं. खाली दीर-जाऊ आणि शिवणाची मोठी खोली, वर शिवणबाई आणि एक भाडेकरू. दीर फोटोच्या चौकटी बनवायचा, सकाळी आठला कारखान्यात जायचा तो दिवेलागणीला परत. जिन्याखाली अरुंद बोळ होता. तिथे मातीचे चार ट्रे एका ओळीत मांडले होते, रोज साफ केलेले. बोळाच्या तोंडाशी काळीपांढरी कात्री पाय पोटाखाली घेऊन बसली होती.

"ही नेहमी इथेच असते?"

"हल्ली असते. बोळ हिच्या बापाचा असल्यासारखी."

मास्तर वर, शिवणबाईंच्या कपाटावर अंग चोरून बसला होता. मोठा, तांबूस, एक कान फाटलेला. शिवणबाईंनी त्याला मांडीवर घेतलं तेव्हा तो थरथरत होता. टाचणीबाईंनी त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत पाहिलं. मानेवर, कानांच्या मागे, केस भांग पाडल्यासारखे दोन बाजूंना झाले होते आणि मधोमध एक चिकटलेला ठिपका होता, मसुराएवढा. त्यांनी नाक जवळ नेलं.

"भाऊजी, वास घ्या."

भाऊजींनी वास घेतला आणि तीन शिंका दिल्या. "माझ्या दवाखान्याचा वास येतोय. पण तो मला सगळीकडेच येतो. चाळीस वर्षं नाकात बसलाय."

मग जुन्या सवयीनं त्यांनी बोक्याचा ओठ वर केला. "अरेच्चा! एकही दात नाही. सुळेसुद्धा नाहीत. पण काम सुरेख केलंय हं, हिरड्या छान भरल्यात."

"दोन वर्षं झाली. हिरड्यांचा रोग होता, सगळे काढावे लागले," शिवणबाई म्हणाल्या. "तेव्हापासून वाटलेलंच खातो."

"दोन महिन्यांपूर्वी, हे सुरू व्हायच्या आधी, काही वेगळं घडलं होतं?" टाचणीबाईंनी विचारलं.

शिवणबाईंनी आठवलं. मास्तरचा कान सुजला होता. डॉक्टरांकडे नेला, त्यांनी कान आणि मान पुसून दिली. घरी आणला आणि पिशवीतून बाहेर काढला, तोच तिघी त्याच्यावर तुटून पडल्या. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, दवाखान्याचा वास आहे, जाईल.

"दोन दिवसांनी गेला आणि पुन्हा गळ्यात गळे. मग आठवड्याभरानं हे सुरू झालं, ते आजतागायत."

"त्या दिवशी घरात कोण होतं?"

"मी, कामवाल्या मावशी आणि घड्याळजी. आमचे भाडेकरू, वर राहतात, घड्याळं दुरुस्त करतात. त्यांनीच टॉवेल टाकून मांजरं सोडवली. डॉक्टरांनी कानासाठी दिलेली बाटली मला डोळ्यांसमोर नको झाली, तर ती बाहेर टाकायलासुद्धा तेच गेले. देवमाणूस हो! गेल्या वर्षी मास्तरनं त्यांचा पोपट मारला, पण एका शब्दानं बोलले नाहीत. उलट मास्तर माझ्याखालोखाल त्यांच्याच मांडीवर बसतो."

"आणि जाऊबाई?"

"ती आणि दीर चार दिवस परगावी होती, चौकटींच्या प्रदर्शनाला." शिवणबाईंचे ओठ आवळले. "पण आल्यावर कळलंच असेल की."

धाकट्या जाऊबाई खाली फरशी घासत होत्या. गादी उन्हात उभी होती. खोलीत पाऊल टाकताच डोळ्यांत झोंबलं.

"या, बघा," त्या म्हणाल्या. "बोक्याची वकिली करायला माणसं आली! माझ्या गादीची वकिली कोण करणार?"

"कशानं धुता?"

"आमच्या कारखान्यातलं काच पुसायचं पाणी." त्यांनी पायानं कॅन पुढे सरकवला. "साबणानं जमेना, म्हणून हे. जालीम आहे. चौकटीच्या काचा यानंच पुसतात, काच आहे की नाही कळत नाही इतकी साफ होते. पण तो मेला पुन्हा तिथेच येतो! मी घासते, तो येतो. मी जास्त घासते, तो जास्त येतो."

"तुम्ही त्याला कधी उचलता? हाकलायला तरी?"

"मी? माझा हात लागला तरी अंगभर गांधी उठतात. झाडूनं हाकलते लांबून." त्या उठून उभ्या राहिल्या. "हे बघा, मी लपवाछपवी करत नाही. मला ती मांजरं नकोत. शनिवारी डॉक्टरांना दार मी स्वतः उघडणार आहे. आमच्या जाऊबाईंनी या घरात मला बारा वर्षं पाहुण्यासारखं वागवलं. मांजरांना नावं घेऊन हाका मारतात आणि मला 'अगं ए'. आता रडू देत की थोडं."

"शाबास," बाहेर आल्यावर भाऊजी कुजबुजले. "आणखी काय पुरावा हवा? कबुलीच दिली."

"द्वेषाची दिली, भाऊजी. द्वेष उघड्यावर वाळत घालणारी माणसं त्याचा उपयोग फारसा करत नाहीत."

कामवाल्या मावशी मागच्या दारी बादली विसळत होत्या. त्यांना बोलायला लावावं लागलं नाही, थांबवावं लागलं.

"मास्तर? तो माझा झाडू बघितला की जिन्यावर पळतो. बाकीच्या तिघी बऱ्या. नाही हो, सोमवारी माझी सुट्टी असते, पोरीकडे जाते. मंगळवारी येते तो सगळीकडे केस उडालेले. घड्याळजींची खोली? ती मीच झाडते. हल्ली काही कचराच नसतो. आधी पोपटाच्या टरफलांची ही रास असायची. पोपट बोलायचा हो! 'आलात का? हातपाय धुवा!' घड्याळजींच्या बायकोनं शिकवलेलं, अगदी तिच्याच आवाजात. ती बिचारी जाऊन चार वर्षं झाली, पण मी झाडायला गेले की वाटायचं आतून बाईच बोलल्या."

"तो गेला त्या दिवशी तुम्ही होता?"

"सकाळी होते. धाकट्या बाईंनी ते काचेचं पाणी पहिल्यांदा आणलं होतं. घड्याळजींनी मागून घेतलं. म्हणाले, मावशी, माझी मोठी खिडकी पुसा, बारीक कामाला उजेड लागतो. मी चकाचक पुसली. दुपारी कळलं, पोपट गेला. माझ्या हाताला यशच नाही मेलं."

घड्याळजींच्या खोलीत शिरताच भिंतीवरच्या सोळा घड्याळांची टिकटिक कानावर आली. खिडकी जवळजवळ भिंतीएवढी होती आणि तिच्यासमोर टेबल. छतात एक रिकामा हूक होता. घड्याळजी साठीचे, नीटनेटके, आवाज मऊ. त्यांच्या मांडीवर रीळ झोपली होती.

"बसा, बसा. मास्तरचं फार वाईट वाटतं हो," ते म्हणाले. "मुका जीव. मी वहिनींना म्हटलं, मन घट्ट करा आणि सोडवा त्याला. आपल्या मांडीवर घेऊन सोडवा. परक्या हातात देऊ नका."

"फार विचार केलात तुम्ही," टाचणीबाई म्हणाल्या.

त्या टेबलाजवळ गेल्या. चिमटे, भिंगं, आणि एका लाकडी पट्टीवर झाकणाच्या चार छोट्या वाट्या, बोराएवढ्या. शेजारी सुईसारखी एक काडी होती, टोकाला चपटी.

"ही काडी कशाला?"

"तेल सोडायला." घड्याळजी खुलले. "घड्याळाला तेल ओतून चालत नाही, थेंब ठेवावा लागतो. जास्त झालं तर पसरतं, कमी झालं तर यंत्र घासतं. ही जाड तेलाची वाटी, भिंतीवरच्या घड्याळांना. ही मध्यम. ही पातळ, मनगटी घड्याळांना."

"वा. हात स्थिर लागत असेल."

"तीस वर्षांत एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही," घड्याळजी म्हणाले.

निघताना टाचणीबाईंनी शिवणबाईंना तीन गोष्टी सांगितल्या. मास्तरची मान कोमट पाण्यानं पुसा आणि चौघं झोपतात त्या गोधडीनं त्याचं अंग चोळा. दोन ट्रे वर नेऊन दोन वेगळ्या खोल्यांत ठेवा. आणि उद्या चारपर्यंत मास्तरला तुमच्या नजरेआड होऊ देऊ नका, कुणाच्याही मांडीवर देऊ नका.

"कुणाच्याही?"

"कुणाच्याही."

शुक्रवारी चार वाजता सगळे शिवणाच्या खोलीत जमले. शिवणबाई मशीनपाशी, धाकट्या जाऊबाई दाराशी हाताची घडी घालून, मावशी जमिनीवर, घड्याळजी खिडकीशी. वरून खाली येताना टाचणीबाई वाटेत घड्याळजींच्या खोलीत डोकावल्या होत्या. त्यांच्या हातात आता ती लाकडी पट्टी होती. घड्याळजींनी ती पाहिली.

"कालपासून काय झालं?" टाचणीबाईंनी विचारलं.

"रात्री चौघं गोधडीवर झोपली," शिवणबाई म्हणाल्या. "मास्तर वरच्या ट्रेमध्ये दोनदा गेला."

"माझी गादी कोरडी आहे," धाकट्या जाऊबाईंनी नाइलाजानं कबूल केलं.

"म्हणजे मास्तर आजारी नाही आणि वाईटही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. आधी गादीचं सांगते. बोळात ट्रे चार, पण ओळीत ठेवलेले. मांजराच्या हिशेबी ती एकच जागा, आणि तिथे जायची वाटही एकच. वाटेवर कात्री. मार खाल्लेला बोका तिथे जाईल कसा? तो जिथे लपला तिथे त्यानं उरकलं, जाऊबाईंच्या पलंगावर."

"पण पुन्हा पुन्हा माझ्याच?"

"तुम्ही बोलावलंत म्हणून. ते काचेचं पाणी अमोनियाचं असतं. मांजराच्या मुताला जो झोंबरा वास येतो, तोच त्याला येतो. तुम्ही जितकं घासलंत तितकी मोठी पाटी लावलीत, इथे करा म्हणून."

धाकट्या जाऊबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. शिवणबाई मोठ्यानं हसल्या. त्यांना फार दिवसांनी हसायला मिळालं होतं.

"तुम्ही हसू नका. ट्रे तुम्हीच मांडलेत," टाचणीबाई म्हणाल्या. "आता मारामाऱ्या. मांजर मांजराला नाकानं ओळखतं. एका घरातली मांजरं अंगाला अंग घासून घराचा एक वास करतात. तो वास ज्याच्या अंगाला नाही तो परका, मग नऊ वर्षं शेजारी झोपलेला का असेना. दवाखान्यातून आल्यावर मास्तरला म्हणून मार पडला. वास गेला, भांडण मिटलं. मिटलेलं भांडण दर सोमवारी आणि गुरुवारी कुणीतरी पुन्हा पेटवत होतं. काल मास्तरच्या मानेवर एक थेंब होता. भाऊजी, कसला वास आला?"

"दवाखान्याचा! मी म्हटलंच होतं," भाऊजी म्हणाले. "पण मला वाटलं माझंच नाक."

"तुमचं नाक तुमच्यापेक्षा हुशार आहे. थेंब कुठे ठेवलाय बघा. मानेवर, कानांमागे. मांजराची जीभ पोचत नाही अशी अंगावर तेवढीच जागा. केसांचा भांग पाडून, कातडीवर, मसुराएवढा. आता सांगा, हे कोण करेल? ज्यानं दवाखान्याच्या वासाचा परिणाम डोळ्यांनी पाहिला तो. जाऊबाई त्या दिवशी परगावी होत्या. शिवाय त्यांनी बोक्याच्या मानेत भांग पाडला असता तर आज त्यांच्या अंगभर गांधी असत्या."

शिवणबाईंनी मान वर केली. खात्री हातातून निसटलेल्या माणसासारख्या त्या जावेकडे बघत राहिल्या.

"मावशींनी पाहिलं होतं. पण सोमवारी त्या घरात नसतात आणि मास्तर त्यांच्या जवळ येत नाही. मास्तर फक्त दोन मांड्यांवर बसतो. एक मांडी सोमवारी-गुरुवारी दहा ते बारा नाटक कंपनीत असते. राहिली एक."

घड्याळांची टिकटिक जिन्यावरून खाली ऐकू येत होती.

"काल तुम्ही मला तीन वाट्या समजावून सांगितल्यात," टाचणीबाई म्हणाल्या. "पट्टीवर चार आहेत." त्यांनी चौथीचं झाकण काढलं आणि भाऊजींपुढे धरलं. भाऊजींनी वास घेऊन होकारार्थी मान हलवली. त्यांना शिंकही आली नाही.

"बाहेर टाकायला दिलेली बाटली," टाचणीबाई म्हणाल्या. "टाकली नव्हती."

"घड्याळजी?" शिवणबाई त्यांच्याकडे वळल्या. "तुम्ही? माझ्या हातचा चहा रोज... तुम्ही केसानं गळा कापलात माझा?"

घड्याळजींनी नाकारलं नाही. त्यांचा मऊ आवाज तसाच होता, फक्त त्याखाली काहीतरी खरबरीत आलं होतं.

"तीन वर्षं मी त्या आवाजावर जगत होतो. बाहेरून आलो की ती विचारायची, आलात का. तो आवाज तुमच्या बोक्यानं मारला. मी तिला ओंजळीत घेऊन खाली आलो, आणि तुम्ही मशीन न थांबवता म्हणालात, मांजर ते, त्याचा स्वभावच, पोपट काय बाजारात मिळतो, दुसरा आणून देते. आठवतंय?"

शिवणबाईंना आठवत नव्हतं. ते त्यांच्या तोंडावर दिसलं, आणि घड्याळजींनाही दिसलं.

"बघा. आठवतही नाही. बोक्याला विष घालता आलं असतं. मग तुम्ही रडला असता आणि लोकांनी डोळे पुसले असते. मला तसं नको होतं. तुमच्या लेकीचा बोका तुम्ही स्वतः मांडीवर घेऊन मारावा, आपल्या शब्दानं, असं हवं होतं मला. दहा महिने रस्ता सापडत नव्हता. मग त्याचा कान सुजला." त्यांनी हात मांडीवर ठेवले. "एक दिवस कमी पडला. खोली सोडतो मी."

"अरे वा, खोली सोडतो!" धाकट्या जाऊबाई उसळल्या. "आणि माझी गादी?"

टाचणीबाईंनी हातानं त्यांना थांबवलं. "पोपटाला रक्त आलं होतं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"ओंजळीत घेतलात तेव्हा. रक्त, जखम, ओरबाडलेली पिसं?"

"नाही. मान लोंबत होती. तो राक्षस तिच्यावर नाक टेकून बसला होता."

"पिंजरा?"

"उघडाच असायचा. ती दुपारी खोलीत उडायची. का?"

टाचणीबाईंनी पट्टी खाली ठेवली. त्या शिवणबाईंकडे वळल्या. "बाई, मला आणखी एक गोष्ट माहीत आहे. तुमच्या बोक्याला वाचवायला ती लागत नाही, तो वाचलाय. ती फक्त यांना लागेल, आणि लागली की आयुष्यभर निघणार नाही. तुम्ही माझ्या अशील. सांगू की जाऊ दे?"

"राहू दे गं," भाऊजी हळूच म्हणाले. सगळं त्यांच्या उशिरा लक्षात यायचं, पण हे आलं होतं.

शिवणबाईंनी हातावरच्या ओरखड्यांकडे पाहिलं. दोन महिने त्या मास्तरला 'मेल्या' म्हणत होत्या. गेल्या आठवड्यात त्यांनी त्याला पहिल्यांदाच फटका मारला होता, आणि त्यानं तो मुकाट्यानं खाल्ला होता.

"सांगा," त्या म्हणाल्या. "सावकाश सांगा. त्यांना नीट कळेल असं."

"मास्तरच्या तोंडात दोन वर्षांपासून दात नाहीत," टाचणीबाई म्हणाल्या. "पोपट मेला वर्षापूर्वी. त्याला वाटलेलं मांससुद्धा बोटानं चाटवावं लागतं. मान मोडली ती मांजरानं नव्हे. त्या दिवशी सकाळी तुमची मोठी खिडकी पुसली होती, काच आहे की नाही कळू नये अशी. वर्षानुवर्षं धुळीमुळे पोपटाला काच दिसत होती. त्या दुपारी दिसली नाही. मास्तर आवाज ऐकून बघायला आला असेल, इतकंच."

मावशींनी तोंडाला पदर लावला. "पण खिडकी तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"मीच मागितलं होतं ते पाणी," घड्याळजी म्हणाले.

ते कुणाला सांगत नव्हते. त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं आणि ते कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखे तसेच हवेत धरले. मग त्यांच्या तोंडून एक आवाज आला. भाऊजींनी चाळीस वर्षांत खुर्चीवर पुष्कळ आवाज ऐकले होते, पण असा ऐकला नव्हता. भाऊजी उठून दारापर्यंत गेले, तिथे जाऊबाई उभ्या होत्या म्हणून परत आले.

शिवणबाई बघत होत्या. आपल्याला दया येईल असं त्यांना वाटलं होतं. आली नाही. बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं.

त्या उठल्या, कपाटावरचा फोन उचलून आणला आणि डॉक्टरांचा नंबर लावून घड्याळजींच्या हातात दिला.

"सांगा त्यांना उद्या यायचं नाही म्हणून. का नाही, तेही सांगा."

पलीकडून कुणीतरी उचलला. घड्याळजींनी फोन कानाला लावला.

"डॉक्टर, उद्या येऊ नका," ते पुटपुटले. "त्या बोक्यानं काही केलं नव्हतं."

"मोठ्यानं," शिवणबाई म्हणाल्या.

"त्यानं काही केलं नव्हतं," घड्याळजी मोठ्यानं म्हणाले.